पाणभुंगा व समुद्रकाकडी: फरक स्पष्ट करा

बाईंनी मला खोली दिली ती साडेतीन गुणांवर.

मी तेव्हा यवतमाळहून नुकतीच पुण्यात आले होते. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती आणि राहायला जागा नव्हती. कोथरूडच्या एका वाण्याकडे ‘मुलीसाठी खोली, एकच, बडबडी नको’ अशी चिठ्ठी चिकटवलेली दिसली. पत्ता काढत गेले, बेल वाजवली. दार उघडलं ते एका उंच, सडसडीत, पासष्टीच्या बाईंनी. केस घट्ट बांधलेले, नाकावर चष्मा, हातात लाल पेन. त्यांनी मला बसायला सांगितलं, पंखा दोनवर लावला आणि माझ्यापुढे एक कागद सरकवला. त्यावर लिहिलं होतं : ‘पेइंग गेस्ट व पाहुणा यांतील फरक स्पष्ट करा. कोणतेही चार मुद्दे. वेळ दहा मिनिटे.’

मला वाटलं थट्टा आहे. पण बाई घड्याळाकडे बघत होत्या. मग मीही मुकाट्यानं मधोमध उभी रेघ मारली आणि लिहायला लागले. पाहुण्याला चहा विचारतात, पेइंग गेस्ट स्वतःचा स्वतः करून घेतो. पाहुण्याच्या आईचा फोन आला तर गप्पा मारतात, पेइंग गेस्टच्या आईचा आला तर निरोप घेतात. असं काहीबाही. बाईंनी तिथल्या तिथे तपासलं.

“चौथ्या मुद्द्यात ‘पाहुणा देवासमान असतो’ असं लिहिलंयस. हा मुद्दा नाही, सुविचार आहे. अर्धा गुण कापलाय. बाकी ठीक. कुठली तू?”

“यवतमाळची.”

“बरं. उद्या सामान घेऊन ये, यवतमाळ.”

मी म्हटलं, “थँक्यू काकू.”

“मी तुझ्या कुठल्याही काकांशी लग्न केलेलं नाही. बाई म्हण. सगळे म्हणतात.”

त्या दिवसापासून मी यवतमाळ झाले आणि त्या बाई. चार वर्षं राहिले त्यांच्याकडे. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही याची मला आजही खात्री नाही.

बाईंनी कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पण डोक्यातला फळा कोणी पुसला नव्हता. आपण सगळ्यांनीच शाळेत ‘फरक स्पष्ट करा’ लिहिलेलं असतं, दोन गुणांसाठी चार मुद्दे लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळलेलो असतो. बाई वळल्याच नाहीत. जगातली कुठलीही गोष्ट दोन रकान्यांत मांडल्याशिवाय त्यांना कळत नसे आणि एकदा मांडली की ती त्यांना सोडत नसे. रिक्षा व पीएमटीची बस. पोळी व फुलका. दूधवाल्याचा थोरला व धाकटा. कॅलेंडरची मागची बाजू, विजेच्या बिलाचं पाकीट, लग्नपत्रिका, जे हाताला लागेल त्यावर मधोमध रेघ पडलेली असायची. मी एकदा विचारलं, बाई, तुम्ही लग्न का नाही केलं? त्या म्हणाल्या, “तक्ता केला होता. उजवा रकाना रिकामा राहिला.” आणि पुन्हा भेंडी चिरायला लागल्या.

आई फोनवर म्हणायची, “कायले राह्यतं वं त्या बाईच्या घरी? तुले काय दुसरी खोली भेटत नाही?” खोल्या भेटत होत्या. मलाच सोडवत नव्हतं. दिवसभर कंपनीत सगळे एकमेकांना ‘ग्रेट जॉब’ म्हणायचे, आणि घरी आलं की एक माणूस तरी खरे गुण देणारं होतं.

बाईंच्या मते सारख्या गोष्टींतला फरक कोणीही सांगतो. “आंबा आणि कैरी, त्यात काय मोठंसं? ज्यांची एकमेकांशी कधी गाठ पडणार नाही अशा दोन गोष्टी घे. मग डोकं चालतं.” आणि अशा सगळ्या प्रश्नांचा त्यांचा राजा होता तो म्हणजे ‘पाणभुंगा व समुद्रकाकडी यांतील फरक स्पष्ट करा’. हा प्रश्न त्या दर वर्षी चाचणी परीक्षेत घालायच्या. दर वर्षी विभागप्रमुख त्यांना बोलावून सांगायचे, की हे अभ्यासक्रमात नाही; एक गोड्या पाण्यातला कीटक, दुसरा खाऱ्या पाण्यातला मऊ गोळा, यांची तुलना होऊच शकत नाही. बाई विचारायच्या, “सर, दोघेही संपत चाललेत. तुलनेला एवढं साम्य पुरत नाही का?” पुढच्या वर्षी प्रश्न पुन्हा तिथेच.

समुद्रकाकडी आमच्या दिवाणखान्यात होती. लोक शोकेसमध्ये टी-सेट ठेवतात, बाईंनी बरणी ठेवली होती. कॉलेजचं संग्रहालय रंगवायला काढलं तेव्हा जुन्या बरण्या फेकायला निघाल्या होत्या, त्यातली ही एक बाईंनी पिशवीत घालून बसनं घरी आणली. आत करड्या पाण्यात एक लांबट, सुरकुतलेला, काळसर जीव. बाई तिच्याकडे बघून भात कालवायच्या. त्यांच्या तोंडून मी तिची इतकी माहिती ऐकली आहे की मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. ती समुद्राच्या तळाशी पडून असते. वाळू खाते, त्यातलं कुजकं पचवते आणि स्वच्छ वाळू परत टाकते. कोणी अंगावर आलं तर स्वतःची आतडी बाहेर फेकते आणि नंतर नवी उगवते. “आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत असंच होतं,” बाई म्हणायच्या, “फक्त नवी उगवत नाहीत.”

हे नंतरचं आहे, पण बरणीवरून आठवलं म्हणून आताच सांगते. मला बघायला नागपूरकडची मंडळी आली होती. मुलाच्या आईनं बरणीकडे बघून विचारलं, “हे लोणचं कशाचं हो?” बाई शांतपणे म्हणाल्या, “समुद्रकाकडीचं. वाढू का?” मंडळींनी घरी जाऊन कळवलं की पत्रिका जुळत नाही. मी बाईंवर दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. एका रकान्यात तो मुलगा, दुसऱ्यात मी. त्याच्या रकान्यात एकच मुद्दा होता : ‘तासाभरात मुलीला एकही प्रश्न विचारला नाही.’ मी रुसवा सोडला.

पाणभुंगा मात्र बरणीत नव्हता. तो सोसायटीच्या मागे होता, जिवंत.

आमची सोसायटी टेकडीच्या पायथ्याशी, जुन्या दगडाच्या खाणीला लागून बांधलेली होती. बिल्डरनं खाण बुजवायचा आळस केला आणि सी बिल्डिंगच्या मागे तो खड्डा तसाच राहिला. त्यात झऱ्याचं आणि पावसाचं पाणी साठलं. कडेला गवत, लव्हाळे. सोसायटी त्याला डबकं म्हणायची, बाई तळं म्हणायच्या. दर रविवारी सकाळी सातला त्या वेताच्या काठीला बांधलेली चहाची गाळणी घेऊन निघायच्या. काठावर वर्तमानपत्र अंथरून बसायच्या, पाण्यातून गाळणी फिरवायच्या, सापडलेले पाणभुंगे एका पातेल्यात ठेवायच्या, मोजायच्या आणि एकेक करून सोडून द्यायच्या. आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात जायचा.

एका रविवारी मलाही नेलं. पातेल्यात चिंचोक्याहून थोडा मोठा, हिरवट काळा, कडेनं पिवळे काठ असलेला भुंगा पोहत होता. मागचे पाय वल्ह्यासारखे मारत तो वर आला, मागची बाजू पाण्याबाहेर काढली आणि पुन्हा खाली गेला. त्याच्या शेपटाशी चांदीचा मणी चिकटलेला दिसला.

“हवा आहे ती,” बाई म्हणाल्या. “पंखाखाली हवा भरून घेतो आणि बुडी मारतो. संपली की वर. समुद्रकाकडीही मागच्या बाजूनंच श्वास घेते. दोघांत एवढं साम्य. मी हे वर्गात सांगितलं की पहिल्या बाकावरच्या मुली वहीत बघायच्या.”

मी हसले. बाई हसल्या नाहीत. त्या पातेल्याकडेच बघत होत्या.

“फरक मोठा आहे, यवतमाळ. समुद्रकाकडी परदेशात चवीनं खातात. वाळवून चोरून पाठवतात. तिला गिऱ्हाईक आहे म्हणून तिचा जीव जातो. पण म्हणूनच कायद्यानं तिला वाघाच्या पंक्तीला बसवलंय, पकडली तर तुरुंग. याला कोणी खात नाही, कोणी विकत नाही, कोणी ओळखत नाही. याचं नाव कुठल्या यादीत नाही, कारण हा किती उरलाय हे कोणी मोजलंच नाही. याला कोणी मारत नाही ग. फक्त याचं पाणी बुजवतात.” मग त्यांनी भुंगा हलकेच तळ्यात सोडला. “मी इथे राहायला आले तेव्हा एका सकाळी चाळीस-पन्नास मिळायचे. आज नऊ.”

त्या नऊंच्या मागे कोण लागलं होतं ते मला लवकरच कळलं. आम्हीच.

ते दिवस गाड्यांचे होते. आधी आमच्या सोसायटीत दोन फियाट आणि बाकी स्कूटर. मग घराघरातली मुलं आयटीत लागली, बँका कर्ज घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि दर दसऱ्याला चार नवीन गाड्यांना झेंडूचे हार पडायला लागले. लावायच्या कुठे? रोज सकाळी हॉर्न, रोज संध्याकाळी भांडणं, आणि प्रत्येक भांडण सेक्रेटरींच्या दारात. सेक्रेटरी खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या सुरक्षा विभागातून निवृत्त झालेले गृहस्थ. नियमाचे पक्के. त्यांच्या नोटिसा ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की’नं सुरू व्हायच्या आणि त्यातलं अक्षर न् अक्षर ते पाळायचे. माणूस वाईट नव्हता, पण जेवताना चार वेळा बेल वाजली की कोणीही वैतागेल.

बी बिल्डिंगमधल्या एका तरुणानं नवी कोरी काळी गाडी घेतली. ती सी बिल्डिंगच्या मागे, तळ्याकडेला लावायचा. दोन आठवड्यांत तक्रार आली : बॉनेटवर रोज सकाळी मेलेले किडे, डबक्यामुळे सगळी घाण. बाईंनी जाऊन बघितलं. तीन पाणभुंगे, उताणे पडलेले. त्यांनी ते रुमालात घेतले आणि त्या तरुणाला म्हणाल्या, “रात्री उडताना काळी चकचकीत गाडी त्याला वरून पाण्यासारखी दिसते. तो उतरतो आणि तिथेच सुकून मरतो.”

“मॅडम, पण डॅमेज माझ्या पेंटला होतंय ना.”

“तो तुमच्या गाडीला तळं समजला,” बाई म्हणाल्या. “तुम्ही त्याच्या तळ्याला पार्किंग समजलात. चूक दोघांची एकच. त्याची अक्कल केवढी, एवढाच काय तो फरक.”

पुढच्याच आठवड्यात नोटीस लागली. वार्षिक सभा, रविवार, सकाळी दहा. विषय क्रमांक चार : सी बिल्डिंगमागील डबके बुजवून तेथे अठरा गाड्यांचे वाहनतळ करणे. कोथरूडमध्ये तेव्हा जुने बंगले पाडून इमारती उठत होत्या, त्यामुळे राडारोडा फुकट मिळत होता. एका कंत्राटदाराशी बोलणंही झालं होतं. ठराव झाला की सोमवारी सकाळी ट्रक येणार.

बाईंनी आठवडाभर घरोघरी जाऊन सांगितलं. सगळे ‘बघू’ म्हणाले. पुण्यात ‘बघू’चा अर्थ काय होतो ते एव्हाना मलाही कळायला लागलं होतं. शनिवारी संध्याकाळी ऑफिसातून आले तर बाई अंधार पडूनही दिवा न लावता बसलेल्या. मी दिवा लावला. त्यांचे डोळे लाल होते.

“समुद्रकाकडीसाठी सरकार आहे, किनाऱ्यावर गस्तीच्या बोटी आहेत,” त्या म्हणाल्या. “याच्यासाठी मी एकटी. मला सगळ्या पुण्यात आता याची दुसरी जागा माहीत नाही. उद्या हे तळं गेलं तर तो गेलाच म्हणून समज. आणि मला भाषण करता येत नाही ग. मी तीस वर्षं फक्त प्रश्न विचारले.”

त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, “मग प्रश्नच विचारा की बाई.”

हे मी धीर द्यायला म्हटलं होतं, देवाशपथ, त्यात माझी काही हुशारी नव्हती. पण बाईंनी माझ्याकडे बघितलं, चष्मा पुसला आणि ड्रॉवरमधून पांढरा ताव काढला. दुकान बंद व्हायच्या आत मी कोपऱ्यावरून साठ झेरॉक्स काढून आणल्या.

रविवारी सभा भरली ती जिन्यापुढच्या मोकळ्या जागेत, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. पहिले तीन विषय पाण्याच्या टाकीत आणि लिफ्टमध्ये गेले. चौथा विषय आला. सेक्रेटरी म्हणाले, “विषयाला विरोध असल्यास आपण तीन मिनिटं बोलू शकता. बाई, आपली वेळ सुरू.”

बाई उठल्या. “मी बोलणार नाही. सभासदांनी लिहायचं आहे,” असं म्हणून त्यांनी मला खूण केली. मी कागद वाटायला लागले. वर ठळक अक्षरात : ‘पाणभुंगा व समुद्रकाकडी यांतील फरक स्पष्ट करा. गुण दहा. वेळ वीस मिनिटे.’ खाली दोघांची पानभर माहिती, आणि मागच्या बाजूला आखलेला तक्ता, ज्यात डावीकडचे मुद्दे छापलेले आणि दोन रकाने कोरे. अगदी तळाशी : ‘उत्तरपत्रिका न देणाऱ्यास गैरहजर समजण्यात येईल.’

सेक्रेटरी उभे राहिले. “हे कार्यक्रमपत्रिकेत नाही.”

“चाचणी परीक्षा कधीच कार्यक्रमपत्रिकेत नसते. आणि आपल्या नोटिशीत बोलायला तीन मिनिटं आहेत. लिहिण्याला वेळेचं बंधन दिलेलं नाही.”

सेक्रेटरींनी खिशातून नोटीस काढली. वरपासून खालपर्यंत वाचली. पुन्हा वाचली. दुसरा कोणी असता तर ‘पुरे झाला चावटपणा’ म्हणून पुढे गेला असता. पण नोटिशीत खरंच तसं काही नव्हतं, आणि हा माणूस नोटिशीबाहेर जाणारा नव्हता. ते म्हणाले, “बरोबर आहे. नाही दिलेलं.” आणि खाली बसून त्यांनी स्वतःच पेन उघडलं.

मागच्या रांगेत खसखस पिकली. मग तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, “समास सोडायचा का हो बाई?” आणि त्या एका वाक्यानं सगळं बदललं. माणसं खुर्चीत सरसावून बसली. कोणी मांडीवर वर्तमानपत्राची घडी घेतली, कोणी शेजाऱ्याकडे पेन मागितलं. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी डाव्या हाताचा आडोसा केला, कारण शेजारी त्यांची बायको डोकावत होती. “निळ्या शाईनंच का?” “मुद्द्यांना क्रमांक द्यायचे का?” “पुरवणी मिळेल का?” ज्या मंडळींनी आठवडाभर बाईंचं दोन मिनिटं ऐकलं नव्हतं, ती सगळी माहितीचं पान बोट ठेवून वाचत होती. कोरा रकाना समोर आला की तो भरल्याशिवाय या लोकांना राहवतच नाही. बाई हात मागे बांधून खुर्च्यांमधून फेऱ्या मारत होत्या. “अहो जोडीनं नाही लिहायचं,” एवढंच एकदा म्हणाल्या.

मी मागे उभी राहून बघत होते. राहण्याचे ठिकाण. श्वास कसा घेते/घेतो. इथे दोन-तीन जण गालात हसले. काय खाते/खातो. ‘डासांच्या अळ्या’ हे पानावर वाचून आजी शेजारणीला म्हणाल्या, “अगं, हा डासांच्या अळ्या खातो. आणि आपण डास होतात म्हणून बुजवतोय.” कायद्याने संरक्षण. जीव कशामुळे जातो. कोण मारते. इथे पेनं हळू झाली. शेवटचा मुद्दा : कोण वाचवू शकते. इथे बरीच पेनं थांबली.

वीस मिनिटांनी बाईंनी टाळी वाजवली. “पेन खाली. उत्तरपत्रिका शेजारच्याला द्या. शेवटचा मुद्दा एकेकानं मोठ्यानं वाचा.”

समुद्रकाकडीच्या रकान्यात सगळ्यांचं सारखंच होतं : सरकार, वनखातं, तटरक्षक. पाणभुंग्याच्या रकान्यात मात्र तऱ्हा. कोणी ‘महानगरपालिका’, कोणी ‘शास्त्रज्ञ’, कोणी ‘परमेश्वर’. बँकवाल्यांच्या बायकोनं रकाना कोराच सोडला होता. मग काळ्या गाडीवाल्या तरुणाची पाळी आली. त्याच्या हातात सेक्रेटरींचा कागद होता. त्यानं मनात वाचलं आणि तो थांबला.

“वाचा की,” बाई म्हणाल्या.

“कोण मारते, तर ‘आपण’,” तो म्हणाला. “आणि कोण वाचवू शकते...” त्यानं कागद पुन्हा बघितला. “‘प्रस्तुत सभा.’”

तरुणानं सेक्रेटरींकडे बघितलं. “सर, हे तुम्ही लिहिलंय?”

“प्रश्न विचारला होता, उत्तर लिहिलं,” सेक्रेटरी म्हणाले. “माहिती वाचली, विचार केला. दुसरं कुठलं उत्तर बसत नाही. ही सभा आत्ता या विषयावर निर्णय घेणार आहे, तर वाचवू शकणारीही हीच. तुम्हाला दुसरं सुचत असेल तर सांगा.”

“नाही, पण मग प्रॅक्टिकली गाडी लावायची कुठे?”

“रस्त्यावर लाव,” आजी म्हणाल्या. “चोर नेणार नाहीत, त्यांनाही पार्किंग मिळत नाही.”

सभा हसली. हसण्यातच सेक्रेटरींनी मतदान घेतलं. तळं बुजवावं म्हणणाऱ्यांचे नऊ हात वर झाले, त्यांतले दोन इकडेतिकडे बघून खाली आले. बुजवू नये म्हटल्यावर जे हात उठले ते मोजायची गरजच नव्हती, तरी सेक्रेटरींनी दोनदा मोजले. त्यांचा स्वतःचा हातही वर होता. तरुणानं दोन्ही वेळा हात मांडीवरच ठेवला, पण त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की तो गाडीवर जाड कापडाचं कव्हर घालायला लागला. बाईंनी त्याला काही विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

मला त्या क्षणी ओरडावंसं वाटत होतं. आमच्याकडे असतं तर ढोल वाजला असता. इथे लोकांनी उत्तरपत्रिका परत मागितल्या आणि गुण कधी कळणार ते विचारलं.

सोमवारी सकाळी मी कंपनीच्या बससाठी खाली उतरले, तर फाटकाशी राडारोड्यानं भरलेले दोन ट्रक उभे. रविवार असल्यामुळे कंत्राटदाराला निरोपच पोचला नव्हता. पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर फाटक उघडायला उतरत होता, आणि फाटकाच्या आतल्या बाजूला, इस्त्रीचा शर्ट आणि पायात बूट घालून, सेक्रेटरी उभे होते. एक ट्रक आत रिकामा झाला असता तरी तळं संपलं असतं.

“साहेब, तुमीच बोलावलं न्हवं? दोन गाड्या भरून आनल्यात.”

“बोलावलं होतं. काल ठराव झाला. आता आत येता येणार नाही.”

“अवो डबकंच हाय ना ते? मुकादम म्हनला, मागल्या बाजूचं डबकं.”

“डबकं नाही,” सेक्रेटरी म्हणाले. “तिथे सभासद राहतात. बिल्डिंगच्या आधीपासूनचे.”

ड्रायव्हरनं त्यांच्या खांद्यावरून आत, गवताकडे बघितलं. तिथे त्याला कोणी दिसलं नाही. पण सेक्रेटरींनी फाटकाची कडी हातात धरली होती आणि ज्या माणसानं आयुष्यभर दारूगोळ्याचं फाटक सांभाळलं त्याच्याशी कोण वाद घालणार? ट्रक मागे घेताना सगळी सोसायटी गॅलरीत आली. सेक्रेटरी रस्त्यात उभे राहून हातानं ‘येऊ दे, येऊ दे’ करत होते, आधी पहिला ट्रक, मग दुसरा, चौकापर्यंत.

माझी बस निघून गेली. मी धावत वर आले. बाई गॅलरीत कठडा घट्ट धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्यांना ते पुसायचंही सुचलं नव्हतं. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी माझा हात पकडला.

“बघितलंस?” त्या म्हणाल्या. “तीस वर्षं हा प्रश्न घातला. पहिल्यांदा कोणीतरी बरोबर उत्तर लिहिलं.”